क्वाम बाईंचा चष्मा

टेसा झुपान वर्षभर नोकरीच्या मागे हात धुऊन लागली होती. आणि त्या गुरुवारी रॅपिड सिटीला निघालेल्या विमानात बसून ती मनातल्या मनात प्रार्थना करत होती, की देवा, एवढी एक नोकरी मला मिळू देऊ नकोस.

तिचं डोकं ठिकाणावर होतं. कायदा शिकणाऱ्या पोरांचं जगच बाहेरच्यांना जरा वेडसर दिसतं. कॉलेज संपलं की एखाद्या न्यायाधीशांकडे वर्षभर क्लार्क म्हणून राहायला मिळावं, यासाठी ही पोरं जिवाचं रान करतात. क्लार्क म्हणजे शिक्के मारणारा नव्हे. खटल्याचे कागद वाचायचे, कायदा धुंडाळायचा, न्यायाधीशांशी वाद घालायचा आणि मग त्यांच्यासाठी निकालाचा कच्चा मसुदा लिहायचा. वर्ष भरलं की पुढे कुठेही नोकरी मागायला तोंड वर करून जाता येतं. टेसाच्या सासऱ्यांना मात्र हे अजून पटलेलं नव्हतं. "एवढं शिकून कारकुनीच करायची होती, तर आमच्या खाणीत काय वाईट होतं?" ते दर रविवारी विचारायचे. "तिथे निदान युनियन तरी होती."

या क्लार्कगिरीत एक अलिखित नियम आहे, आणि तो लिहिलेल्या नियमांपेक्षा कडक पाळला जातो. न्यायाधीशांनी "येतेस का?" असं विचारलं, की "हो" म्हणायचं. तिथल्या तिथे. विचार करून सांगते, नवऱ्याशी बोलते, उद्या दुसरीकडे मुलाखत आहे, यातलं काहीही चालत नाही. न्यायाधीश एकमेकांना ओळखतात, आणि नकार देणाऱ्या पोरीचं नाव तिच्या आधी पुढच्या कोर्टात पोचलेलं असतं. मिनीॲपोलिसच्या तिच्या कॉलेजात पोरांना नोकरीला लावून देणाऱ्या ओडेगार्ड बाई हे पहिल्याच दिवशी सांगत. सांगताना हसत नसत.

टेसाला डुलुथ सोडून कुठेच जायचं नव्हतं. पण डुलुथच्या वकिलांच्या कंपन्यांनी एकेक करून "आपल्याला शुभेच्छा" कळवल्यावर ओडेगार्ड बाईंनी तिला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "नखरे पुरे. नकाशावर जिथे कोर्ट दिसेल तिथे अर्ज टाक." घाबरलेल्या टेसाने टाकले. मग कितीतरी दिवस कुणीच काही बोललं नाही. आणि एका सोमवारी साउथ डकोटातल्या न्यायाधीश लोरेटा क्वाम यांच्याकडून फोन आला की गुरुवारी या. लगेच मंगळवारी डुलुथच्या न्यायाधीश बोहान यांच्याकडून फोन आला की शुक्रवारी या. नशिबाला दिवसांची अदलाबदल करायला काय झालं होतं, हे टेसा तेव्हापासून स्वतःला विचारत होती.

ती धावत ओडेगार्ड बाईंकडे गेली. "क्वाम मॅडमना सांगू का, की अर्ज मागे घेते?"

"सांग की. आणि बोहानांनी तुला घेतलं नाही तर?"

टेसा समोरच्या खुर्चीत बसली.

"बोहानांकडे किती जण येतात माहितीये? हातात काही नसताना हातातलं सोडू नकोस," बाई म्हणाल्या. "जा. छान बोल. विचारलं तर हो म्हण."

आता डुलुथचं एवढं काय होतं? डुलुथला तिचा नवरा मिको होता, आणि तोही रोज नव्हता. मिको लहती सुपीरियर सरोवरावर खनिज वाहणाऱ्या बोटीवर काम करायचा. बोट म्हणायची सवय, नाहीतर लांबी पाहिली तर गावातली एक गल्ली तिच्यात झोपेल. बोट डुलुथला खनिज भरायला यायची, भरणं होईपर्यंत थांबायची आणि परत खालच्या बंदरांकडे निघायची. तेवढ्यात जेवढा संसार व्हायचा तेवढा. लग्न झाल्यापासून टेसा मिनीॲपोलिसहून गाडी हाकत येई, कधी बोट लवकर सुटे, कधी हिची परीक्षा असे, आणि धक्क्यावरून नुसता हात हलवून परत जावं लागे. कॉलेज संपलं की हे संपेल, असं दोघं एकमेकांना सांगत आले होते. रॅपिड सिटीहून डुलुथ म्हणजे दिवसभराचा रस्ता. क्वाम बाईंनी विचारलं, तर आणखी एक अख्खं वर्ष जाणार होतं.

"कॉफी सांड त्यांच्या अंगावर," बोट फोनच्या टप्प्याबाहेर जाण्याआधी मिकोने तोडगा काढला होता.

"मूर्खा, त्या न्यायाधीश आहेत. तुरुंगात टाकतील."

"मग नुसती बावळटासारखी बस. तुला जमेल."

"तुझ्याशी लग्न केलं तेव्हा जमलं होतं खरं."

तो हसला. "हे बघ टेस. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही बंदराच्या कालव्यातून आत येऊ. तोपर्यंत मला काही कळणार नाही. डुलुथचं जमलं तर माझी ती नारिंगी टोपी घालून उभी राहा. नाही जमलं तर... नाही जमलं तरी उभी राहा."

रॅपिड सिटीच्या कोर्टात क्वाम बाईंच्या दोन क्लार्कांनी टेसाला आधी जेवायला नेलं. ही पण मुलाखतच असते, फक्त मटणाचे तळलेले तुकडे खाता खाता द्यायची. त्यातला हेन्रिक नावाचा लांबोडका पोरगा बोलघेवडा होता.

"एक गंमत सांगू?" तो पुढे वाकला. "बाईंना माणूस आवडला की त्या चष्मा काढून टेबलावर ठेवतात. मग विचारतात. माझ्या वेळी तसंच, हिच्याही वेळी तसंच. चष्मा काढला की समजायचं, काम झालं."

दुसरी क्लार्क मुलगी हसून म्हणाली, "आणि ज्यांच्यासाठी नाही काढला, ते अजून नोकरी शोधतायत."

टेसाने हातातला मटणाचा तुकडा परत ताटलीत ठेवला.

क्वाम बाई सत्तरीच्या, बारीक अंगाच्या, आणि त्यांच्या नाकावर जाड काचांचा मोठा चष्मा. टेसाला बसवून त्यांनी सरळ विषयाला हात घातला. "माझा एखादा निकाल वाचलास?"

"मोटेलच्या पायरीचा वाचला, मॅडम." एक प्रवासी बर्फावरून घसरून कंबर मोडून बसला होता. 'जपून चाला, जबाबदारी आमची नाही' अशी पाटी बाहेर होती, म्हणून बाईंनी मोटेलच्या बाजूने निकाल दिला होता.

"मग? काय वाटलं?"

इथे बावळटासारखं बसायची संधी होती. "फार छान वाटला" एवढं म्हणून सुटता आलं असतं. पण टेसाचा बाप जन्मभर शेजारच्या म्हातारीच्या पायऱ्यांवरचा बर्फ फावड्याने काढत आला होता, आणि पोरगी बापावर गेली होती.

"चुकला वाटला, मॅडम."

"असं?"

"पाटी लावल्याने बर्फ वितळत नाही. मालकाला बर्फ दिसला होता, त्याने तसं साक्षीत कबूलही केलं. पाटी रंगवायला वेळ होता, तर बर्फ वितळवणारं मीठ टाकायलाही होता."

"वरच्या कोर्टाने माझाच निकाल कायम ठेवला."

"मग ते पण चुकले," टेसा बोलून गेली, आणि तिने जीभ चावली.

क्वाम बाईंचे डोळे चमकले. झालं. पुढचा तासभर दोघी भांडल्या. बाईंनी जुने खटले काढले, टेसाने त्याहून जुने काढले. बाईंनी कायद्याचं पुस्तक उघडून तिच्यापुढे सरकवलं, तिने पान उलटून पुढचं कलम दाखवलं. मधेच तिला आठवायचं की अगं, तुला इथे राहायचं नाहीये, गप्प बस. पण बाईंनी पुढचा प्रश्न टाकला की ती पुन्हा बाह्या सरसावून उभी. खरं सांगायचं तर वर्षभरात इतकी मजा तिला आली नव्हती, आणि याच गोष्टीचं तिला रडू येत होतं.

शेवटी क्वाम बाई खुर्चीत मागे टेकल्या. "हं," म्हणाल्या. आणि त्यांचा हात वर गेला.

टेसाला तो हात दिसला. चष्म्याची एक काडी कानावरून सुटली, मग दुसरी. चष्मा टेबलावर आला. टेसाने मांडीवरचे हात घट्ट धरले. मिको, माफ कर, असं ती मनात म्हणाली, आणि "हो" हा शब्द तोंडाशी आणून ठेवला.

पण प्रश्न आला तो भलताच.

"मी चष्म्याला हात लावल्याबरोबर तू टक लावून का बघायला लागलीस?" त्यांनी विचारलं. चष्म्याशिवाय त्यांचे डोळे लहान आणि थकलेले दिसत होते. "आणि असा श्वास रोखून? माझी नजर अधू आहे, कान नाहीत. हेन्रिकने सांगितलं वाटतं."

टेसाला खोटं बोलवेना. तिने मान हलवली, मग लक्षात आलं की बाईंना ती दिसणार नाही. "हो मॅडम."

"त्याच्या पोटात काही राहत नाही." बाई हसल्या. "मी चष्मा का काढते, ते सांगितलं का त्याने? नाही, ते त्याला माहीतच नाही. अगं, मी विचारलं की सगळे हो म्हणतात. म्हणावंच लागतं ना. तीस वर्षांत एकानेही नाही म्हटलेलं नाही. पण हो म्हणताना चेहरा काय म्हणतो, ते मला बघवत नाही. एकदा पाहिलं होतं. तो पोरगा वर्षभर माझ्याकडे राहिला, कामाला चोख होता, पण माझ्या खोलीत एकदाही हसला नाही. तेव्हापासून चष्मा काढून विचारते. समोर नुसता धूसर गोळा दिसतो. बरं पडतं."

मग क्वाम बाईंनी टेबल चाचपून चष्मा उचलला, परत नाकावर चढवला, आणि टेसाच्या चेहऱ्याकडे नीट, सावकाश पाहिलं.

"कुठे जायचंय तुला?"

टेसाने सांगितलं. डुलुथ, बोहान, उद्याची मुलाखत. मग बोट आणि मिकोही सांगितला, नारिंगी टोपीपर्यंत सगळं. सांगताना तिचे डोळे भरून आले. तिला स्वतःची लाज वाटली, पण थांबता आलं नाही.

"मी तुला अजून काही विचारलंय का?" क्वाम बाई म्हणाल्या.

"नाही, मॅडम."

"मग विचारणारही नाही. आज तरी नाही. उद्या पीटर बोहानने विचारलं तर हो म्हण. नाही विचारलं तर सोमवारी मला फोन कर, तेव्हा मी विचारीन. चष्मा लावून विचारीन. तेव्हा चेहरा जरा बरा ठेव."

टेसा कोर्टाच्या बाहेर आली, गाड्या लावायच्या जागेत एका खांबाला टेकली आणि मोकळेपणाने रडली. आपलं ओझं कुणी कधी असं उतरवून घेतल्याचं तिला आठवत नव्हतं. पोटात भूक लागल्याचं दोन दिवसांत पहिल्यांदा कळलं, आणि तिने विमानतळावर एक अख्खा ॲपल पाय खाल्ला, कुणाला न देता.

शुक्रवारी डुलुथला न्यायाधीश बोहानांनीही तिला चांगलंच पिळून काढलं. गोल चेहऱ्याचा, मोठ्याने हसणारा माणूस, पण प्रश्न एकही सोपा नाही. टेसा बेधडक बोलली. सोमवारचा फोन पाठीशी असल्यावर घाबरायचं कशाला?

मुलाखत संपता संपता बोहान म्हणाले, "सकाळी मी दात घासत असताना लोरेटा क्वामचा फोन. म्हणे, पीटर, आज एक झुपान नावाची पोरगी येईल, विचारणार असशील तर आजच विचार, नाहीतर सोमवारी ती माझी. किती वर्षं झाली, ही बाई माझी चांगली चांगली पोरं पळवते." ते पुढे झुकले. "मी एरवी आठवडाभर विचार करतो. पण आता तू जे बोललीस त्यानंतर विचार काय करायचा? तर, टेसा..."

"हो!"

"अगं, मी अजून विचारलं नाही."

"तरीपण हो, सर."

बोहान इतके हसले की त्यांचा क्लार्क दारातून डोकावून गेला.

संध्याकाळी कालव्याच्या कठड्यावर गार वारा सुटला होता. बोटीला वाट द्यायला कालव्यावरच्या पुलाचा मधला भाग वर उचलला गेला होता आणि मिकोची बोट भिंतींच्या मधून हळूहळू आत येत होती. टेसाने क्वाम बाईंच्या कोर्टात निरोप ठेवला होता, आणि नेमका आत्ता तिचा फोन वाजला.

"मॅडम, बोहान सरांनी विचारलं. मी हो म्हटलं. तुमचे आभार कसे..."

"आभार कसले?" क्वाम बाई फणकारल्या. "मी तुला काही विचारलंच नव्हतं."

तेवढ्यात बोटीचा भोंगा झाला, एक लांब आणि दोन आखूड, आणि पुलावरच्या भोंग्याने तसंच उत्तर दिलं. बाजूची पोरं कान झाकून किंचाळली.

"कसला गोंगाट आहे हा?"

"बोट आली, मॅडम. नवऱ्याची."

"मग फोनवर काय करतेयस? टोपी घातलीस का?"

टोपी कोटाच्या खिशातच राहिली होती. टेसाने फोन ठेवला, मुलाखतीच्या काळ्या कोटावर ती मळकी नारिंगी टोपी कानांपर्यंत ओढली आणि दोन्ही हात वर केले. बोटीच्या नाकाशी उभ्या असलेल्या एका माणसाने स्वतःचं हेल्मेट काढलं आणि वेड्यासारखं हवेत फिरवलं.