टाळ्यांविनाचं तळघर

पोर्तुगालमधल्या कोइंब्रा गावातल्या एका तळघरात इदालिनाचे आजोबा खुर्च्या बनवत. न खपलेल्या खुर्च्या तिथंच पडून राहिल्या. मग त्यांवर बसायला माणसं येऊ लागली, आणि तिचे बाबा आर्मिंदो खांद्यावर काळा झगा टाकून फादो, म्हणजे तिकडची विरहाची गाणी, गायला उभे राहिले. या गावात फादो संपला की टाळ्या वाजवत नाहीत, घसा खाकरतात. दाद तीच. एकेकाळी रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटे, खाली सगळ्यांना सर्दीच झालीय.

आता बाबांचा आवाज गेला होता. शेवटचा गायकही लिस्बनला निघून गेला.

"शनिवारपासून कुलूप," बाबा म्हणाले.

"मी गाते ना, बाबा."

"हा झगा पुरुषाच्या खांद्यावरचा आहे. पोरीबाळींनी गायचं तर लिस्बन गाठावं. तिथं टाळ्यासुद्धा मिळतात."

गिटार पुसत बाबांचे जुने साथीदार एझेकियलकाका म्हणाले, "अरे आर्मिंदो, तुझे नियम पाळायला उरलंय कोण? एक मी, एक हा पाळण्यातला तुझा नातू. मला ऐकू कमी येतं, आणि हा मध्येच झोपतो."

बाबा मागच्या खोलीत गेले. दार लावून घेतलं.

संध्याकाळचे सहा वाजले, कार्यक्रमाची वेळ झाली. कुणीच आलं नाही. तरी काकांनी रोजच्यासारखी गिटार जुळवली आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर वाजवायला बसले. बाळ जागं होऊन रडू लागलं. इदालिनानं त्याला छातीशी धरलं आणि काका वाजवत होते तेच गाणं, बाबांचं, हळूच गुणगुणायला लागली. बाळ निवलं. तिला थांबता येईना. घरी भांडी घासताना, पाळणा हलवताना दाबून ठेवलेला सगळा आवाज त्या दगडी भिंतींना जाऊन भिडला.

गाणं संपलं. इतकं शांत झालं की बाळाचा श्वास ऐकू येत होता. तिला वाटलं, एवढ्या खुर्च्यांत एक तरी माणूस हवा होता.

बंद दारामागं कुणीतरी घसा खाकरला.

काकांनी मान वर केली नाही. "म्हाताऱ्याला कफ झालाय वाटतं."

पुन्हा एकदा. या वेळी चांगलं मोठ्यानं.

दार काही उघडलं नाही. पण खुंटीवरचा काळा झगा तिथंच होता. इदालिनानं तो बाळासकट स्वतःभोवती गुंडाळला, आणि शनिवारच्या कार्यक्रमाची पाटी उचलून ती वर रस्त्यावर ठेवायला गेली.