अप्पांनी पुढचा ब्रेक धरला

गुरुसिद्धप्पांनी लेकीच्या नव्या गाडीभोवती चक्कर मारली आणि नाक मुरडलं. "अंगावर कापड न्हाय की हिच्या. इंजिन उघडं, फ्रेम उघडी."

"नेकेड बाईक म्हणतात अप्पा. अशीच असती ती," चंद्रिका म्हणाली.

बापलेकीचं ठरलेलं होतं. टेंभुर्णीकडच्या साखर कारखान्याच्या लॅबमध्ये चंद्रिकाला नोकरी लागली होती आणि रोज हायवेनं जायचं होतं. अप्पांनी गाडी चालवून बघायची. पसंत पडली तर ठेवायची, नाहीतर विकून टाकायची आणि मुकाट्यानं एसटी धरायची. अप्पांनी उभा जन्म मैंदर्गीच्या बाजारात बियाणं पोचवत एका जुन्या फटफटीवर काढलेला. चंद्रिकाला गाडी शिकवली तीही त्यांनीच. त्यांच्यापुढं बोलायची कुणाची छाती?

चंद्रिकाला मागं बसवून ते अक्कलकोट रोडला लागले. कुंभारी गाव मागं पडलं तशा कपाळावरच्या आठ्याही गेल्या. दोन सिलिंडरचं एवढं दांडगं इंजिन, पण हँडलला थरथर म्हणून नाही. वरच्या गिअरमध्ये हळू चालवा, कुरकुर नाही. मूठ जरा पिळा, की निघालीच. खड्ड्यातून गेली तरी कंबर दुखली नाही. "छलो अद," ते पुटपुटले. मनापासून काही आवडलं की अप्पा कानडीत बोलायचे.

तेवढ्यात बांधावरून उसाची ट्रॉली थेट रस्त्यावर आली. अप्पांचे हातपाय जन्माच्या सवयीनं चालले. पुढच्या ब्रेकला बोट लावलं नाही, मागचा दाबून धरला आणि धाडधाड गिअर पाडले. आता मागचं चाक अडकणार, गाडी आडवी होणार, आपल्याबरोबर पोरगीही जाणार, एवढंच त्यांच्या डोक्यात आलं. पण पायाखालचं पेडल नुसतं थडथडत राहिलं आणि गाडी नाकासमोर सरळ चालली. तरी ट्रॉली जवळ येतच होती.

"अप्पा, पुढचा धरा."

त्यांनी धरला. गाडी जागच्या जागी थांबली. ट्रॉली हातभर लांब होती.

अप्पा उतरले आणि वाकून पुढचं चाक बघू लागले. चंद्रिकानं समजावलं, "एकदम गिअर पाडले की हिचा क्लच आपणहून सैल पडतो, मागच्या चाकाला हिसका बसत नाही. आणि ब्रेक कितीबी दाबा, एबीएस चाक अडकू देत नाही."

"म्हंजे मी चुकलो, ते हिनं सावरलं."

"व्हय."

"पुढचा ब्रेक धरू नको, हे तुला मीच शिकवलं न्हवं?"

"व्हय अप्पा. मी ते कवाच सोडलं. तुमाला वाईट वाटंल म्हणून बोलले नाही."

अप्पांना वाईट वाटलं, आणि त्याहून लई बरं वाटलं. त्यांनी किल्ली तिच्या हातात दिली. आजवर कुणाच्या मागं न बसलेला तो माणूस मागच्या चिमुकल्या सीटवर कसाबसा चढला आणि लेकीच्या खांद्यावर हात ठेवला.

"चल. माझ्यासाठी हळू नको. तुला येतीय तशी चालव."