उत्तरांची पानं

"ट्रू," श्रेया म्हणाली. "आजी जाते की दरवर्षी. हो ना, मोठी आई?"

मी मान डोलावली.

उत्तर चुकलं होतं, आणि मला ते माहीत होतं. त्या पुस्तकाची उत्तरांची पानं माझ्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली होती. बावीस वर्षं मी इंग्रजी शिकवते. रोज बारामतीहून एसटीनं निरवांगीला जायचं आणि यायचं. नवं गाइड हातात आलं की आधी पट्टी लावून मागची उत्तरांची पानं फाडायची आणि आपल्याजवळ ठेवायची, ही आमच्या मास्तरलोकांची सवयच. नाहीतर पोरं प्रश्नाआधी उत्तर वाचतात. श्रेयाच्या पुस्तकाचीही पानं मी पहिल्याच दिवशी फाडली. तिनं हसत पुस्तक पुढं केलं होतं.

श्रेया माझ्या धाकट्या दिराची, दिग्विजयची मुलगी. तिला विलायतेत जाऊन डॉक्टर व्हायचंय. तिकडच्या मेडिकल कॉलेजांची एक प्रवेश परीक्षा असते, यूकॅट म्हणतात तिला. पहिला भाग वाचनाचा. एक इंग्रजी उतारा, खाली विधानं, आणि प्रत्येक विधान खरं, खोटं की 'सांगता येत नाही' ते ठरवून पुढं टी, एफ किंवा सी लिहायचं, म्हणजे ट्रू, फॉल्स, कान्ट टेल. चव्वेचाळीस प्रश्न, बावीस मिनिटं. उताऱ्यात जेवढं लिहिलंय तेवढंच धरायचं, बाहेरचं आपल्याला कितीही माहीत असो. चांगली हुशार पोरं नेमकी इथंच मार खातात.

त्या दिवशीचा उतारा एका परदेशी धरणाचा होता. गाव पाण्याखाली गेलेलं, कोरड्या वर्षी चर्चचा कळस वर येतो आणि लोक तो बघायला येतात. विधान असं होतं, की गाव सोडून गेलेली माणसं आपलं जुनं गाव बघायला परत येतात. आता उताऱ्यात नुसतं 'लोक' म्हटलं होतं. ते गावचे की कुठले, काही लिहिलेलं नव्हतं. पण आम्ही मूळचे पळसदेवचे, तेही धरणात गेलेलं. उजनीचं पाणी ओसरलं आणि जुनं देऊळ उघडं पडलं की माझ्या सासूबाई, मुक्ताबाई, अजून नव्वार नेसून तिकडं जातात आणि आपला उंबरा कुठं होता ते नातवंडांना दाखवतात. त्यांच्या नातीनं 'खरं' म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? दुसरी कुठली मुलगी असती तर मी लगेच म्हटलं असतं, बाळा, आजीला विसर, उताऱ्यात कुठंय ते दाखव.

नाही म्हटलं. कारण सकाळीच वैजयंताचा फोन आला होता.

वैजयंता म्हणजे माझी धाकटी जाऊ. कऱ्हाटीची, दहावीपर्यंत शिकलेली. इंग्रजीत सही करतानासुद्धा जीभ बाहेर काढणारी. दिराची ठिबकची दोन दुकानं झाली, तेव्हापासून तिच्या बोलण्यात जरा तूप आलं होतं. "आक्का, आमच्या श्रेयाचं यूकॅट हाय बगा आगष्टात," असं ती दर फोनला सांगायची, त्या सकाळीही. तिचा भाऊ अविराज तिकडं विलायतेत एका दवाखान्यात नोकरीला, त्यानं ही वाट काढून दिलेली. आणि माझा राजवर्धन? दोनदा नीटची परीक्षा दिली. दुसऱ्या वेळी अकरा मार्कांनी हुकलं. आता इंदापूरला फार्मसीला आहे. त्याला नव्हता कुणी विलायतेत मामा.

जळत होते मी. खोटं कशाला बोलू? श्रेयाची स्कूटी फाटकाशी वाजली की मी हातातलं काम मुद्दाम लांबवायची. तिचं स्वच्छ इंग्रजी ऐकलं की वाटायचं, ह्या इंग्रजीची अक्षरं मीच गिरवून घेतली, राजूच्या शेजारी बसवून, त्याच पाटावर. राजूच्या निकालाच्या दिवशी वैजयंता पेरूची पिशवी घेऊन आली होती. दोन तास समोर बसली, आणि निकालाचा 'नि' काढला नाही. मला पक्कं ठाऊक होतं, ती आमची तोंडं बघायला आली होती. ते पेरू मी तसेच कामवालीला देऊन टाकले.

तर मी मान डोलावली. आणि एकदा डोलावली म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी परत डोलावली. सगळ्याच प्रश्नांना नाही हं. खरं-खोटं मी नीट तपासायची, शब्दार्थ सांगायची, घड्याळ लावायची. फक्त 'सांगता येत नाही'च्या जागी ती 'खरं' म्हणाली की मान डोलवायची. पाचांत एखादा प्रश्न तसा निघायचा. ऑनलाइन सराव परीक्षा शेवटच्या पंधरवड्यात द्यायच्या, आधी पुस्तक संपवायचं, हेही मीच ठरवलेलं. त्यामुळं तिला कळायला दुसरा मार्ग नव्हता.

आठवड्याभरात ती बदलली. पहिल्यासारखं झटक्यात उत्तर देईना. लिहायची, थांबायची, खोडरबरनं खोडायची, परत लिहायची, भुगा फुंकरीनं उडवायची आणि मग माझ्याकडं बघायची. मला वाटलं, पोरगी गोंधळलीय. वाईट वाटलं का मला? वाटलं. पण चहा गार होईपर्यंतच.

अकराव्या दिवशी रविवार होता. राजवर्धन होस्टेलवरून आला होता. पोह्यांची बशी घेऊन आमच्याजवळ येऊन बसला आणि श्रेयाच्या खांद्यावरून वाचायला लागला. उतारा मधमाश्यांचा होता. श्रेयानं 'खरं' म्हटलं, मी मान डोलावली, आणि हा खाता खाता म्हणाला, "हे कुठं लिहिलंय पण? हे तर सांगता येणार न्हाय."

श्रेया माझ्याकडं बघायला लागली. मी पुस्तक ओढून घेतलं, वाचल्यासारखं केलं आणि म्हटलं, नजरेतून सुटलं बहुतेक. राजूच्या हातातला चमचा तसाच राहिला. लहानपणापासून त्याच्या वह्या मी तपासल्यात. एक वेलांटी माझ्या नजरेतून सुटत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार?

श्रेया गेल्यावर त्यानं उत्तरांची पानं मागितली. मी साड्यांखालून काढून दिली. खिडकीपाशी बसून त्यानं अर्धा तास एकेक उत्तर जुळवलं. मी भाजी निवडत होते, म्हणजे निवडलेली भाजीच परत निवडत होते. मग त्यानं मला हाक मारली आणि पुस्तक उजेडात तिरपं धरलं.

"हितं बघ. हितं आधी सी लिहिलं हुतं तिनं. हितं पण. हितं पण." खोडलेल्या अक्षराचा दाब कागदावर तसाच होता, त्यावर ठळक टी. "बरोबर लिहिलंय आई, आणि तुला पटणार न्हाय म्हणून खोडलंय."

मी चुकलेली तेवीस ठिकाणं मोजली. सुरुवातीची चार तेवढी तिची स्वतःची चूक होती. बाकी एकोणीस तिला आली होती. तिला वाटलं असणार, मोठी आई बावीस वर्षं शिकवते, तिला जास्त कळतं.

"माझ्यासाठी करत असशील तर नको करूस," राजू म्हणाला. "मी मजेत हाय. मला दुकान टाकायचंय औषधांचं. डॉक्टर व्हायचं तुलाच हुतं."

एवढं बोलून तो आत गेला. मला त्याचा राग आला, आणि मग राग कुठं ठेवावा ते कळेना.

पुढचे तीन आठवडे श्रेयाचं वाचन त्यानं घेतलं. रविवारी समोर, एरवी फोनवर. तिला त्यानं सांगितलं, आईला ही नवी पद्धत माहीत नव्हती. माझं झाकलं त्यानं. मी स्वयंपाकघरातून ऐकायची. तो तिला परत परत विचारायचा, कुठं लिहिलंय, बोट ठेव. बोट ठेवता आलं नाही की ती हसायची. माझ्यासमोर ती बऱ्याच दिवसांत तशी हसली नव्हती.

पुण्याला परीक्षा झाली. मार्क दुसऱ्याच दिवशी ऑनलाइन कळतात. बाकीच्या भागांत नऊशेपैकी सातशेच्या वर, आणि वाचनाच्या भागात पाचशे ऐंशी. अविराजमामानं फोनवर सांगितलं, यंदा अवघड आहे, पुढच्या वर्षी परत बसवा.

राजू त्या दिवशी घरीच होता. ओट्याशी उभा राहून पाणी पीत होता. मी विचारलं, माझ्यामुळं झालं का रे? त्यानं पेला खाली ठेवला आणि खरंच विचार केला. मला टोचायचा त्याचा बेत असावा असं मला वाटत नाही.

"सांगता येत न्हाय," तो म्हणाला.

'नाही' म्हणाला असता तर मी त्यावर विश्वास ठेवला असता, आणि 'हो' म्हणाला असता तर रडून मोकळी झाले असते.

दोन दिवसांनी वैजयंता आली. मी मनात तयार होते, ही आता मला बोलणार. ती सोफ्याच्या कडेला बसली, पदर बोटाला गुंडाळत. म्हणाली, "पुढच्या वर्साला बी तुमीच घ्या तिचं, आक्का. दुसरीकडं कुठं इस्वास न्हाय माजा." मग म्हणाली, "राजूच्या निकालाला आले हुते तवा काय बोलावं त्येच कळंना. नुसती बसून ऱ्हायले. तुमाला वाईट वाटलं आसंल." तिचे डोळे भरले होते. मी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले आणि बराच वेळ माठापाशी उभी राहिले.

संध्याकाळी मी कणकेची खळ केली आणि ती पानं पुस्तकाला परत चिकटवली. अशी पानं मी आयुष्यात कधी परत लावलेली नव्हती. वेडीवाकडी बसली, मागची बाजू जाड झाली, पुस्तक नीट मिटेना.

श्रेया आली तेव्हा मी पुस्तक तिच्या हातात दिलं. म्हटलं, उत्तरं मागं आहेत, आता मला विचारू नकोस. ती हसली, म्हणाली, का, मोठी आई? तेव्हा मी सांगितलं. अकरा दिवस मी चुकीच्या उत्तरांना मान डोलावत होते. पद्धत मला माहीत होती. पानंही माझ्याजवळ होती.

"माहीत असून?" तिनं विचारलं.

"हो."

तिनं का म्हणून विचारलं नाही. पुस्तक पिशवीत टाकलं, चप्पल घातली आणि गेली. घरी काही सांगितलं नसावं, कारण वैजयंताचा फोन नेहमीसारखा येत राहिला. तिसऱ्या दिवशी तर ती मलाच विचारत होती, पोरगी येते ना वेळेवर? मी म्हटलं, येते.

चार दिवस श्रेया फिरकली नाही. पाचव्या दिवशी फाटकाशी स्कूटी वाजली. ती आत आली, नेहमीच्या जागेपासून जरा लांब बसली. पुस्तक उघडलं. मी घड्याळ लावलं. तिनं उतारा वाचला, एकेका ओळीवर बोट ठेवत, आणि पेन्सिलीनं उत्तर लिहिलं. खोडलं नाही.

मी सवयीनं तिच्याकडं बघत राहिले. तिनं मान वर केली नाही. जाड झालेली पानं उलटून ती मागं गेली, उत्तर ताडून पाहिलं, आणि पुढचा प्रश्न वाचायला घेतला.