नऊ ते दहा मंद, दहानंतर बंद

बंदराच्या कॅप्टनसाहेबांना यमकाची भारी हौस. नोटीस लिहावी आणि मोकळं व्हावं, तर नाही; ती कानाला गोडही लागली पाहिजे. खाडीच्या वळणावर तळाशी एक कंटेनर पडला होता, कुठल्याशा जहाजावरून वादळात घसरलेला. तो निघेपर्यंत मोठ्या जहाजांना आवर घालायचा होता. साहेबांनी फळ्यावर लिहिलं, 'नऊ ते दहा मंद, दहानंतर बंद.' म्हणजे नऊ ते दहा खोली मोजणारी होडी काम करणार, तेव्हा दोनशे मीटरपेक्षा लांब जहाजांनी हळू जायचं. दहाला पाणबुड्या खाली उतरणार, तेव्हा एकाही मोठ्या जहाजाने वळणाकडे फिरकायचं नाही. सगळ्यांनी वाहवा केली. यमक जुळलं की अक्कलही जुळली असं माणसाला वाटतं. रेडिओच्या खरखरीत 'म' आणि 'ब' यांच्यात फरक तो किती उरणार, हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही. मनोऱ्यात बसून दिवसभर तोच रेडिओ ऐकणाऱ्या ताईच्याही नाही.

ताई म्हणजे जहाजांना आत-बाहेर सोडणारी बाई. जहाजावर चढून ते आत आणणारे पायलट, जहाजं ओढणारे टगवाले, होडीवाले, सगळे तिला ताईच म्हणत. त्यातले दोघे तिच्या वडिलांच्या वयाचे असले तरी. त्या दिवशी सकाळपासून तिचं लक्ष घड्याळाकडे होतं, कारण खाली उतरणारा पाणबुड्या तिचा दीर होता. ती लग्न होऊन आली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता, आईविना, आणि विहिरीतून बाहेर काढायला दोन माणसं लागत म्हणून घरात त्याला बेडूक म्हणत. त्याच्या प्रगतिपुस्तकावर तिनेच सह्या केल्या. पुढे पाणबुड्याच्या प्रशिक्षणाच्या अर्जावर पालक म्हणून सही केली तीही तिनेच. घरातल्या बाकीच्यांनी हात वर केले होते.

दहाला पाच मिनिटं असताना तिने रेडिओचं बटण दाबलं. "सगळ्यांनी ऐका. दहापासून वळण बंद."

नेमका त्याच क्षणी टेबलावरचा फोन वाजला. एका जहाजाचा एजंट, सकाळपासूनचा चौथा फोन. "ताई, आमचं कधी आत घेताय? किती दिवस ताटकळायचं?" ती त्याला काहीतरी सांगत होती तेवढ्यात रेडिओवर आजोबांचा आवाज आला. आजोबा म्हणजे सगळ्यात जुने पायलट. बाहेरून येणाऱ्या दोनशे नव्वद मीटरच्या जहाजावर ते चढलेले होते. अर्ध्या कानाने तिने ऐकलं, "बंद, समजलं." फोन तसाच मानेत धरून तिने बटण दाबलं आणि म्हणाली, "बरोबर."

दहा वाजून सहा मिनिटांनी डायव्हिंग बोटीवरच्या दोरवाल्याने फोनवर कळवलं की पाणबुड्या खाली गेला. हा दोरवाला जरा शब्दांचा कंजूष. वरून दोर धरून बसायचं आणि दोराला बसणाऱ्या हिसक्यांवरून खालचा माणूस काय म्हणतोय ते ओळखायचं, हे त्याचं काम. पाणबुड्याशी बोलायची तार महिनाभर दुरुस्तीला गेलेली होती.

मनोऱ्यातून वळण दिसत नाही, मध्ये तेलाच्या टाक्या येतात. दिसतो तो फक्त रडारच्या पडद्यावरचा ठिपका. सव्वादहाला ताईने चहाचा कप उचलला, पडद्याकडे पाहिलं आणि कप तसाच धरून राहिली. वळण बंद असताना मोठ्या जहाजांनी बाहेर ज्या लाल बोयाजवळ, म्हणजे तरंगत्या खुणेजवळ, थांबायचं, तिच्या कितीतरी आत आजोबांच्या जहाजाचा ठिपका होता. पडदा मागे पडला असेल असं तिने स्वतःला सांगितलं. मग आकडा वाचला. वेग चार नॉट. वळणापर्यंत अंतर सहाशे मीटर.

"आजोबा, तुम्ही कुठे आहात?"

"वळणाकडे निघालोय, ताई. तुम्ही सांगितलंत तसं, मंद. म्हटलं, पाणबुड्याला उशीर झाला असेल."

मंद. तिने बंद म्हटलं होतं, त्यांनी मंद ऐकलं होतं, त्यांनी मंद म्हटलं तर तिने बंद ऐकलं होतं. आणि वर बरोबर म्हणाली होती. हाताशी पाच मिनिटं. साहेब शहरात बैठकीला गेलेले. विचारायचं कोणाला?

"डायव्हिंग बोट, माणूस वर घ्या. आत्ताच्या आत्ता."

"वर येण्याचे चार हिसके दिले," दोरवाला म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "उत्तर नाही. दोर कुठेतरी कंटेनरखाली दबलाय."

"परत द्या."

"देतोय."

एवढं धूड थांबायला किलोमीटरभर पाणी लागतं. इंजिन उलटं फिरवायला सांगावं तर जहाजाची शेपटी फिरणार, आणि त्या वळणावर ती फिरणार डायव्हिंग बोटीच्याच अंगावर. तसंच जाऊ द्यावं, तर जहाजाच्या मागचा घराएवढ्या उंचीचा पंखा पाणबुड्यापासून पन्नास मीटरवरून घुसळत जाणार. पंखा पाणी ओढतो, पाण्यातलं सगळंच ओढतो. हवेची नळी ती काय टिकणार? तिने बटण दाबलं.

"आजोबा, इंजिन बं..."

आणि ती थांबली. तोच शब्द. त्यांनी पुन्हा मंद ऐकलं तर पंखा फिरतच राहील. एवढी भाषा, आणि ऐन वेळी एक दुसरा शब्द सापडेना.

"पंखा थांबवा," ती म्हणाली. "पंखा अजिबात फिरता कामा नये. खाली माणूस आहे. काय ऐकलंत ते म्हणून दाखवा."

"पंखा थांबवायचा. खाली माणूस आहे." आजोबांचा आवाज बदलला होता. "पण ताई, पंखा थांबला की सुकाणू ऐकत नाही. हे वाहत जाऊन खडकावर चढेल."

"दोन्ही टग तुम्हाला बाहेरच्या अंगाला ओढून धरतील. टगवाले, ऐकलंत?"

दोघांनी शब्द न् शब्द परत म्हणून दाखवला. चाळीस वर्षांत आजोबांनी एक जहाज खडकावर घातलं नव्हतं, आणि आता ताई त्यांना हात सोडून सायकल चालवायला सांगत होती. पडद्यावर ठिपका सरकत होता.

"थांबवला," आजोबा म्हणाले.

मग रेडिओवर फक्त दोरवाला राहिला. पहिल्यांदाच तो आपणहून बोलत होता, आणि ताईला वाटत होतं, याने गप्प बसावं.

"दिसलं जहाज. आलं." मग, "बाजूला आलंय. टग ओढतायत." मग, "दोर ताणला गेला. सोडतोय. अजून सोडतोय."

"बोला," ताई म्हणाली.

"दोर सैल पडला."

"म्हणजे?"

"म्हणजे सैल. पलीकडे कोणी नसल्यासारखा."

"बुडबुडे?"

"सगळं गढूळ झालंय. काही दिसत नाही."

ती खुर्चीतून उठली होती, कधी ते तिला कळलं नाही. घरी काय सांगायचं हा विचार आला आणि तिने तो ढकलला, तर तो पुन्हा आला. फोन वाजत होता, एजंटच असणार. तिने घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि घड्याळाकडेच बघत राहिली. दोन मिनिटं. अडीच. देवाचं नाव घ्यावं तर तेही आठवेना, तोंडात येत होतं ते 'बेडूक, बेडूक' एवढंच.

"आला," दोरवाला म्हणाला. "पायऱ्या धरल्यात. दोर कापून वर आलाय. शिव्या देतोय."

ताई खुर्चीत बसली. तिला हसू फुटलं, ते थांबेना, आणि ते हसू नव्हतंच.

काही वेळाने रेडिओवर दिराचा आवाज आला, धाप लागलेला. "कोणी सोडलं ते जहाज? मला त्याचं तोंड बघायचंय. खाली उलटापालटा झालो मी. आजोबा, तुम्हाला नोटीस वाचता येत नाही का?"

सगळे ऐकत होते. टगवाले, होडीवाले, बाहेर नांगरलेली जहाजं.

"अरे बाबा," आजोबा हळूच म्हणाले, "माझेच कान गेले असतील. वय झालं."

एवढ्यावर निभावलं असतं. आजोबांना सहा महिन्यांत घरी बसायचंच होतं, त्यांना कोणी फार बोललं नसतं. ताईने बटणावर बोट ठेवलं.

"आजोबांचे कान ठीक आहेत," ती म्हणाली. "त्यांनी मंद म्हणून परत सांगितलं होतं. मी फोनवर होते. नीट न ऐकताच मी बरोबर म्हटलं. मी सोडलं ते जहाज."

खरखर चालू राहिली.

"वहिनी," तो म्हणाला, "तू?"

"हो."

ती वाट बघत राहिली. त्याने शिव्या द्याव्यात, ओरडावं, काहीही करावं.

"घरी बोलू," तो म्हणाला आणि त्याने रेडिओ ठेवून दिला.

ड्यूटी संपायला अजून चार तास होते. ते संपूच नयेत असं तिला वाटलं.