यंत्रनाथांचा पेनड्राइव्हप्रसाद

पनवेलच्या बाजारात चंद्रावतीआत्याच्या मालवाहतुकीच्या इवल्याशा ऑफिसात त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. कॉम्प्युटरचा पडदा लालभडक, मधोमध कवटी, आणि एकही फाइल उघडेना. न्हावा शेव्याच्या दोन कंटेनरांची कागदपत्रं आत अडकलेली. ती पाचच्या आत बंदरात पोचली नाहीत, तर आत्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक हातचं जाणार होतं.

"सी-ड्राइव्हमध्ये राहू बसलाय," यंत्रनाथ महाराज डोळे मिटून म्हणाले. "डी-ड्राइव्हमध्ये केतू."

"कालच सांगून गेले होते, संकट येतंय म्हणून," हितेश हार्डवेअरवाला कुजबुजला. त्याच्या दुकानातला राहू महाराजांनी गेल्याच आठवड्यात उतरवला होता. कीबोर्डवर अंगारा, बोटांवर शाल, चोवीस अक्षरी गुप्त मंत्र, की फाइली भराभर उघडल्या. दक्षिणा अर्थातच दणदणीत.

आत्याची दहावीतली भाची समृद्धी मात्र वेगळंच जुळवत होती. महाराज संकट सांगायचे आणि रक्षणासाठी आरतीचा पेनड्राइव्ह द्यायचे. दुसऱ्या दिवशी दुकानदार आधी उदबत्ती लावायचा, मग तो पेनड्राइव्ह. संकट हमखास यायचं. प्रसाद तपासून घ्यायची पद्धत आपल्यात कुठे आहे?

तिनं दप्तरातून जुना लॅपटॉप काढला. "महाराज, हा दोन दिवस देवघरात होता. हितेशभाऊंकडचा तुमचाच अंगारा लावलाय. इंटरनेट नाही. आत फक्त माझ्या मांजरीचे फोटो. राहू आहे का?"

महाराजांनी हात फिरवला. "निर्मळ आहे, बाळ."

तिनं महाराजांनी काल आत्याला दिलेला पेनड्राइव्ह त्यात खुपसला. आरती सुरू झाली. दुसरं कडवं येईतो मांजर गायब, कवटी हजर.

"राहू यातूनच येतो," समृद्धी म्हणाली. "हा फाइलींना कुलूप लावतो. मंत्र म्हणजे त्या कुलपाची किल्ली. ज्यानं कुलूप लावलं, त्याच्याकडेच ती असणार."

महाराज उठले. "मुलीला बाधा झाली आहे."

"बाधा नाय, दहावी हाय तिला," आत्या दारात आडवी उभी राहिली. "बसा. आदी मंत्र टाका. शाल बाजूला ठेवून."

महाराजांनी घामेजल्या बोटांनी नुसती आकडे-अक्षरांची खिचडी टाइप केली. एका कंटेनरचे कागद उघडले. दुसऱ्याची फाइल कायमची मोडली होती. वेगळी प्रत? "देव राखतो म्हणून ठेवलीच नाय आमी," आत्या मटकन बसली. फोन करून बोलावलेले पोलीस महाराजांना घेऊन गेले, आणि साडेपाचला त्या जुन्या गिऱ्हाइकानं फोनवर दोन वाक्यांत संबंध संपवला.

समृद्धीला वाटलं होतं, जिंकल्यावर छान वाटेल. आत्याचा चेहरा बघवत नव्हता.

तेवढ्यात हितेशनं आपला पेनड्राइव्ह हळूच कपाळाला लावून खिशात टाकला. "काही म्हण, आरती तर खरी ना?"

"खरीच आहे, हितेशभाऊ. म्हणून कोणी काही हातात दिलं, तर देणाऱ्याचे कपडे बघू नका, आत काय आहे ते विचारा. कामाची एक प्रत वेगळी ठेवा." तिनं हात पुढे केला. "आणि आरतीला पेनड्राइव्ह लागत नाही. तोंड लागतं."