आक्काच्या कानातलं तेल

काल्हेरच्या आक्काला सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. ओटीवरून पडवीत, पडवीतून मोरीपाशी, तिथून परत ओटीवर. मध्येच कानात बोट घालायची, बाहेर काढून वास घ्यायची. वास लसूण घातलेल्या खोबरेलाचा येत होता, आणि त्यानेच तिच्या जिवाला घोर लावला होता.

आक्का धवलारीण. आगऱ्यांच्या घरी हळद लागताना धवळे गायला तिच्याशिवाय पान हलत नसे. हे गाणं दोघींचं: एकीने विचारायचं, दुसरीने उत्तर द्यायचं. विचारणारी शेजारच्या आळीतली ताई, उत्तर देणारी आक्का. चाळीस वर्षं जोडी टिकली. पण गेल्या वैशाखात कोन गावच्या एका हळदीत गाणं मध्येच अडकलं. दोघी गप्प. बायकांचे हळदीने भरलेले हात नवरीच्या गालाजवळ तसेच थांबले. ताईने आक्काला कोपराने ढोसलं आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अगो, तुजी ओळ! ऐकाला येत न्हाय का तुना?" बायका हसल्या. पुढच्या वेळी मोबाइलमधले धवळेच डीजेवर लावू, असं कुणीतरी म्हणालं. हे मात्र आक्काला बरोबर ऐकू आलं.

त्या हसण्याने तिची झोप उडाली. मुलगा हितेश दोन वर्षं मागे लागला होता तेव्हा नाक मुरडणारी आक्का आपल्या पायांनी भिवंडीला गेली आणि कानाच्या मापाची दोन मशीनं करून घेऊन आली. कानात गेली की दिसतही नाहीत. मशीनवाल्या निशा मॅडमने चारचारदा बजावलं होतं. रात्री काढायची, सेलचं झाकण उघडं ठेवायचं, कोरड्या फडक्याने पुसायची. सेल लहान पोरांच्या हाती लागू द्यायचे नाहीत. मशीनला पाणी लावायचं नाही, आणि आजी, कानात तेल तर अजिबात नाही. आक्काने मान डोलावली. पण जित्याची खोड! हळदीच्या आदल्या रात्री लसणीचं कोमट तेल कानात सोडायचं ही तिच्या आईची रीत. त्याने गळा मोकळा होतो म्हणे. मशीनं तर काढून ठेवलीत, मग कानात तेल गेलं तर बिघडलं काय, असा तिने काल रात्री स्वतःपुरता निवाडा करून टाकला. सोयीचा निवाडा करायला माणसाला वकील लागत नाही.

सकाळी मशीनं घातली. घटकाभर कुकरची शिटी, गोदामांकडे वळणारे ट्रक, सगळं ऐकू आलं. मग आवाज घोंगडीखालून आल्यासारखे जाड झाले आणि दोन्ही मशीनं गप्प बसली. दुपारी चारला दापोड्यात हळद होती. आज ओळ चुकली की उद्यापासून मोबाइल गाणार, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

तिने बांगडीतली पिन काढली आणि मशीनच्या भोकात घालणार एवढ्यात सून आली.

"आई! पिन?" मृणालीने तिचा हातच धरला. मग तेलाचा वास आला आणि तिच्या सगळं ध्यानात आलं. तिने लगेच मॅडमला फोन लावला. आक्का सुनेच्या तोंडाकडे बघत उभी, चोरी पकडल्यासारखी.

"टोकाची जाळी तेलाने बुजलीय," मृणाली कानाशी येऊन मोठ्याने म्हणाली. "जादा जाळ्या डबीत आहेत, मी बदलते. पण कानात तेल आहे तोवर मशीन घालायचं नाही. उद्या कान दाखवायला बोलावलंय."

"उंद्याला काय करू? हलद आज हाय!"

"परत तेल आत गेलं तर मशीन कायमचं जाईल, आई."

मृणालीने मशीनं पुसली, जाळ्या बदलल्या. मुठीत धरताच मशीन बारीक शीळ घालतंय, असं तिने आक्काला खुणेने सांगितलं. म्हणजे मशीन जिवंत, आणि घालायला कान नाही! आक्काला रडूच आलं. कान कुणी मळवले? आपणच. तिने डबी मागून घेतली, कमरेला खोचली आणि सुनेची नजर चुकवत रिक्षात बसली.

दापोड्याच्या मांडवात डीजे नुकताच थांबला होता. नवरी पाटावर, बायका हळदीची ताटं घेऊन तयार, माइक पुढ्यात. आक्काचे पाय चटईवर स्थिर राहीनात. एकदा डबी काढायची, पुन्हा खोचायची. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेवटी तिने डबी उघडलीच. एक तासभरच घालू. गेलं मशीन तर गेलं, निदान तोंड तरी काळं होणार नाही. तिने एक मशीन चिमटीत उचललं.

शेजारी बसलेल्या ताईने तिचं मनगट धरलं. माइक हाताने झाकून तिने आक्काच्या कानाला तोंडच लावलं.

"ह्येनी ऐकाला येतं? मंग दुसरा मना दे."

"येडी का काय? माजे कानाचे मापाचा हाय त्यो. दुसऱ्याचे कानात घालायचा नसतो," आक्का म्हणाली. मग थांबली. "पन तुना कशाला?"

ताईने माइकवरचा हात आणखी घट्ट दाबला. समोर बायका चुळबुळू लागल्या. पुन्हा ती कानाशी आली. "दोन वर्सा झाली. मी तुजे तोंडाकडं बघून गातंय. कोनला पदर तुजे तोंडावर आलता... ओळ माजी व्हती, आक्का."

आक्काने तिच्याकडे पाहिलं. साऱ्या गावासमोर आपल्याला बहिरी ठरवून ही सात महिने गप्प बसली होती. जाग्या रात्री आठवल्या, विहिरीवरच्या बायकांचं तोंड दाबून हसणं आठवलं. माइक इथेच होता. एक वाक्य बोलायचा अवकाश, आणि ते बोलायला आक्काची जीभ शिवशिवत होती. ताईही ते ओळखून होती, कारण तिने माइकवरचा हात आपणहून काढला आणि मान खाली घातली.

आक्काने मशीन डबीत ठेवलं, झाकण लावलं. मग चटईवरच गर्रकन फिरून ताईच्या समोर बसली, गुडघ्याला गुडघा लावून. पदर मागे सारला, ताईचाही सारला, जरा जोरातच. तिची हनुवटी धरून वर केली.

"उंद्याला माजेसोबत भिवंडीला यायचा," ती माइक हाताने झाकून, दात आवळून म्हणाली. "तवर माजेकडंच बघ. डोला हलवलास तर बघ."

लग्नघरच्या मालकिणीने हाताने खुणावत विचारलं, अशा समोरासमोर का बसलात?

"जुनी रीत हाय," आक्काने ठोकून दिलं.

ताईने डोळे पुसले आणि विचारलं, "हलद कांडली कुनी गो, कुनी?" आक्काला त्यातला एक शब्द धड ऐकू आला नाही. राग अजून उतरला नव्हता, पण ताईच्या ओठांवरून तिने ओळ ओळखली आणि उत्तर काढलं, "हलद कांडली मावशीनी." आवाज मोठा झाला की लहान, तिला कळेना. समोर ताईचे ओठ तिच्याबरोबर हलत होते, एक अक्षर मागेपुढे न होता, आणि बायकांचे पिवळे हात नवरीच्या गालांवरून फिरत होते.