गुणाकाराची चुकीची सिद्धता

जयतीर्थ सरांनी शोधनिबंध वनजापुढे सरकवला. "माझ्यानंतर तुझं नाव घातलंय. सही कर. परवाच्या चर्चासत्रात मी हाच मांडणार."

वनजा चार वर्षं त्यांच्याकडे पीएचडी करत होती. मोजकंच लक्षात ठेवणाऱ्या यंत्राला गणितातलं काय काय तपासता येतं, हा तिचा विषय. बेरीज अशा यंत्राला सहज जमते: उजवीकडून एकेक अंक वाचायचा आणि फक्त हातचा लक्षात ठेवायचा. सरांचा दावा होता, की संख्या मूळ अवयवांत फोडून एका ओळीत लिहिल्या तर गुणाकारही जमतो.

"नाही जमत, सर," ती म्हणाली. "अवयव वाढत गेले की गुणाकार इतके होतात, की यंत्राला झेपेल एवढ्या लांबीत ते लिहायला अक्षरांच्या वेगवेगळ्या ओळीच पुरत नाहीत. मी मोजून पाहिलंय."

रागावले की सर मराठी सोडून कन्नडवर येत. "सुम्मनिरु!" ते ओरडले. वनजा गप्प बसली नाही, तेव्हा पुन्हा मराठीत म्हणाले, "तुझा प्रबंध माझ्याच टेबलावर येणार आहे, विसरू नकोस."

संध्याकाळी अग्रहार भागातल्या घरी तिचे वडील फत्तेसिंगराव म्हणाले, "एक सही तर आहे. सुम्मने, मुकाट्यानं करून टाक की."

"अप्पा, बेळगोळच्या कारखान्यात तीस वर्षं मापं तपासलीत. चुकीच्या मापाचा दांडा कधी पास केलात?"

"नाही केला. म्हणून तर बढती हुकली."

"पस्तावलात?"

"छे! जा, बोल जाऊन."

चर्चासत्रात सरांचं बोलून झाल्यावर वनजा उठली. "बस खाली," सर म्हणाले. ती सरळ फळ्याकडे गेली. खडू दोनदा तुटला. पण दहा मिनिटांत तिनं हिशोब पुरा मांडला.

दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्या नमिता मॅडमनी विचारलं, "मग गुणाकाराची आशाच सोडायची?"

"का सोडायची? एका ओळीचा हट्ट सोडू. प्रत्येक अवयवाला वेगळी फांदी द्या आणि यंत्राला फांद्यांवर फिरू द्या. तिथं नुसती घातांकांची बेरीज करायची, म्हणजे पुन्हा हातच्यावरच भागतं."

सर उठून निघून गेले. निबंध त्यांनी मागे घेतला, आणि वनजाला मार्गदर्शन करायचंही नाकारलं. नवा मार्गदर्शक मिळेपर्यंत तिचं वर्ष जाणार होतं.

अर्जात बदलाचं कारण विचारलं होतं. "'वैयक्तिक' लिहा, मॅडम. सगळे तेच लिहितात," कारकून म्हणाला.

"वैयक्तिक काय त्यात?" वनजानं विचारलं आणि ठळक अक्षरांत लिहिलं, 'सिद्धता चुकीची होती.'